उभ्याने बसणे

मराठीत दारू पिण्याला ‘बसणे’ म्हणतात हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळले. तेव्हा मी बँकेच्या सोलापूर शाखेत होतो. एका शनिवारी हिशेब जुळल्यावर (हिशेब जुळला नाही तर बँकेत शनिवार अर्धा नसतो) शेजारच्या काउंटरवरचे सहकारी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "काय, बसायचं का आज?" मी म्हटलं, "सकाळी दहापासून बसलोच आहे की!" पुढे कितीतरी महिने शाखेत नवा माणूस आला की माझी ओळख हा किस्सा सांगूनच करून दिली जाई.

पण शब्द किती नेमका आहे पाहा. पिणे ही क्रिया नुसत्या घशाची. बसणे ही सबंध माणसाची. त्या शनिवारी स्टेशनाजवळच्या एका परमिट रूममध्ये मी एकच पेला पुढ्यात घेऊन साडेतीन तास बसलो आणि एकाही वेटरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. खारे शेंगदाणे आणि मीठ-तिखट लावलेली काकडी न मागता येत होती. आमच्यातल्या एका वयस्कर अधिकाऱ्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. त्यांनी आधी ऊस सांगितला, मग पाऊस सांगितला, मग व्याजाचे दर सांगितले आणि पोरं खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला लागली तेव्हा कुठे म्हणाले, "मुलाशी बोलणं बंद आहे हो माझं. दोन वर्षं झाली." सांगायची गोष्ट बाहेर यायला साडेतीन तास लागले. बसणे म्हणतात ते हे.

हे पाल्हाळ अशासाठी की २०१९ सालच्या ऑक्टोबरात मी अशा एका मद्यालयात जाऊन आलो की जिथे पेला सतरा डॉलरच्या घरात होता, दारात घड्याळ लावून आत सोडत होते, आणि बसायला जागा नव्हती.

चिरंजीव कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला असतात. तिथून डिस्नेलँड हे आमच्या कोथरूडहून हडपसर असावं इतपत लांब आणि पोचायला कोथरूडहून हडपसरला लागतो त्याच्या निम्मा वेळ. आम्ही उभयता गेलो की दर खेपेला नातीच्या निमित्ताने एक वारी ठरलेली. त्या खेपेला मात्र चिरंजीव स्वतःच नातीपेक्षा जास्त उड्या मारत होते. त्याच वर्षी ३१ मे रोजी त्या उद्यानात ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटमालिकेवरचा चौदा एकरांचा एक नवा भाग उघडला होता. त्यात एक परग्रह उभा केला आहे, त्या परग्रहावर बाजारपेठ आहे, आणि बाजारपेठ म्हटल्यावर गुत्ता आलाच. त्याचं नाव ‘ओगाज कँटिना’. ओगा ही मालकीण. ती गल्ल्यावर कधीच नसते. आजवर कोणी तिला पाहिलेलं नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की धंदा फार मोठा आहे. छोट्या धंद्याचा मालक गल्ल्यावरून हलत नाही.

"बाबा, आपण दोघं जायचं," चिरंजीव म्हणाले. "मी आधीपासून जागा राखून ठेवलीय. पंचेचाळीस मिनिटं."

"कसली?"

त्यांनी जरा घसा खाकरला. "बसायची."

सदतीस वर्षांचा हा मुलगा घेतो हे मला ठाऊक होतं आणि मी कधीकाळी घेतली आहे हे त्याला ठाऊक होतं. पण दोघांनाही ते ठाऊक नसल्याचं सोंग आम्ही इतकी वर्षं इतकं चोख वठवलं होतं की आता ते मोडायचं कसं, हा प्रश्नच होता. तो त्याने असा सोडवला. घरात बाटली काढून बापासमोर ठेवायचा संकोच वाटतो; परग्रहावर चालतं.

आता, मी बँकेच्या गृहपत्रिकेत बावीस वर्षं नाट्यपरीक्षणं लिहिली आहेत. नट कितीही थोर असो, तिकिटाचा दर लिहिल्याशिवाय मी परीक्षण पुरं केलं नाही. (संपादक तेवढाच भाग कापायचे.) त्यामुळे या प्रयोगाचंही परीक्षण त्याच शिस्तीत करणं मला भाग आहे.

नेपथ्याला पैकीच्या पैकी. अंधार, नळ्या, बुडबुडे सोडणाऱ्या बरण्या, बरण्यांत कसले कसले प्राणी. आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत संध्याकाळी बार काढला असता तर असाच दिसला असता. संगीत एक यंत्रमानव वाजवतो. त्याची कथा मला फार भावली. डिस्नेलँडमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका राइडमध्ये हाच यंत्रमानव अंतराळयानाचा नवशिका वैमानिक होता आणि रोज प्रवाशांना भलत्याच दिशेला नेत होता. आता त्याला गाणी लावायच्या कामावर घेतलं आहे. नोकरीत नापास झालेल्या माणसाला घरी न बसवता दुसऱ्या खात्यात बदली देण्याची ही पद्धत मला एकदम ओळखीची वाटली. दोन्ही ठिकाणी त्याला आवाजही एकाच नटाचा, पॉल रूबेन्स यांचा. ते २०२३ साली वारले.

मुळात या उद्यानात दारू हाच एक प्रवेशबाह्य विषय होता. १९५५ च्या जुलैमध्ये वॉल्ट डिस्ने यांनी ते उघडलं तेव्हा आत थेंब विकायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. ते १९६६ साली गेले. पुढच्याच वर्षी आतल्या आत एक सभासदांपुरता क्लब निघाला, तिथे मिळू लागली. पॅरिसला १९९२ साली कोरडंच उद्यान काढलं, तर वर्षभरात फ्रेंचांनी जेवणाबरोबर वाइन मिळवलीच. कॅलिफोर्नियात मात्र सामान्य तिकीटवाल्याच्या हातात पेला यायला २०१९ साल उजाडावं लागलं. चौसष्ट वर्षं! आपल्याकडे १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि त्यातूनच पुढे ‘परमिट रूम’ हा शब्द निघाला. आपण परवाना काढून पितो, आणि तो परवाना आरोग्य टिकवण्यासाठी असतो, असं कायदा गंभीर चेहऱ्याने म्हणतो. एक दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांत मिळतो. पाच रुपयांत असलं उत्तम नाटक करणाऱ्या राज्यातून मी आलो होतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं.

इथला परवाना म्हणजे उद्यानाचं तिकीट. त्या वर्षी एका दिवसाचं तिकीट १०४ ते १४९ डॉलर होतं, गर्दी पाहून. म्हणजे बारच्या उंबरठ्यापर्यंत पोचायलाच माणशी सात ते दहा हजार रुपये. जगातल्या कुठल्याही बारमालकाला आपलं गिऱ्हाईक दारात येण्याआधी दुसऱ्या कोणी दिवसभर उन्हात चालवून, तहानेने व्याकूळ करून, खिशातल्या पैशांविषयीचं ममत्व पार घालवून आणून दिलं तर तो त्याच्या पाया पडेल. ओगाबाईंना ही सोय घरातल्या घरात आहे.

दारातल्या मुलीने परग्रहावरचा रामराम केला आणि दोन नियम सांगितले. माणशी दोनच पेये. वेळ पंचेचाळीस मिनिटं. मला या दोन नियमांचं फार कौतुक वाटलं. दोन पेयांचा नियम सभ्यतेचा आहे: पोराबाळांचं उद्यान, आत लहान मुलंसुद्धा येतात, कोणी झिंगून यंत्रमानवाच्या गळ्यात पडायला नको. पंचेचाळीस मिनिटांचा नियम गल्ल्याचा आहे. पण दोन्ही एका दमात सांगतात, त्यामुळे दुसराही सभ्य वाटतो. शिवाय बाहेर जी रांग दिसते ती या नियमानेच तयार होते आणि तीच जाहिरात. ‘रिकामी जागा आहे, या’ असं लिहिलेल्या बारमध्ये कोण जातं? इथे आत शिरायला मिळालं याचाच आनंद इतका होतो की किंमत वाचताना डोळे आधीच पाणावलेले असतात.

आत गेलो. कडेला मोजकी बाकं होती, ती भरलेली. बाकी सगळी मंडळी उंच टेबलांभोवती उभी. आमच्या टेबलावर आधीच एक अमेरिकन जोडपं आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. मी खुर्ची शोधत होतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, इथे उभ्यानेच असतं."

"म्हणजे उभ्याने बसायचं?"

तो हसला. मग आम्ही दोघंही हसलो. अडुसष्ट डॉलर वाचले असते तर मी तिथेच परत फिरलो असतो, पण ते हसणं घरी झालं नसतं हेही खरं.

आता मेनूकार्ड. समीक्षकाच्या दृष्टीने या प्रयोगातलं सर्वोत्तम लेखन इथे आहे. मी मागवलं त्याचं नाव ‘फझी टॉनटॉन’. टॉनटॉन हा बर्फाळ ग्रहावरचा केसाळ प्राणी असतो, असं चिरंजिवांनी समजावलं. प्राण्याशी संबंध एवढाच. आत पीचची व्होडका, पीचचं श्नॅप्स आणि संत्र्याचा रस. पीच श्नॅप्स आणि संत्र्याचा रस यांचं मिश्रण अमेरिकेत १९८० च्या दशकापासून ‘फझी नेव्हल’ नावाने प्रसिद्ध आहे. जुनंच नाटक, नायिकेचं नाव बदललं आणि पहिल्या अंकात बर्फ पाडला. पण वर एक फेस असतो आणि तो ओठांना लागला की ओठ बधिर होतात, मुंग्या येतात. यासाठी लोक टाळ्या वाजवतात. बाहेर आल्यावर मी हिला सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "अहो, अक्कलकाढा असेल तो." ही रत्नागिरीकडची. तिचं बरोबर होतं. त्या फेसात असते ती दातदुखीवर चघळतात त्या पिवळ्या बोंडांची करामत, आणि आपल्याकडे बोबड्या पोरांच्या जिभेला लावतात तो अक्कलकाढा त्यातलाच. सतरा डॉलर, म्हणजे तेव्हाचे बाराशे रुपये, देऊन अक्कल काढून घेण्याचा हा सोहळा कुठल्या मराठी माणसाने नाव ठेवून दिला असता तर याहून नेमकं नाव सापडलं नसतं.

(हिने स्वतः बाहेरच्या टपरीवर त्या चित्रपटातलं प्रसिद्ध निळं दूध घेतलं होतं. एक घोट घेऊन विचारलं, "गाय काय खाते इथली?" गाय नव्हतीच. नारळाचं आणि तांदळाचं दूध, त्याला निळा रंग. "म्हणजे शिरवाळ्यांचा रस की! त्याला आठ डॉलर? आणि शिरवाळे कुठायत?")

पण पेयाच्या किमतीला इथे फार मर्यादा असतात, कारण पेयाची किंमत गिऱ्हाइकाला साधारण ठाऊक असते. मद्य म्हटलं की माणूस मनात दुसऱ्या बारचा भाव आणतो. म्हणून खरी कमाई भांड्यात ठेवली आहे. ‘क्लिफ ड्वेलर’ नावाचं एक बिनदारूचं फळांचं सरबत तेव्हा बत्तीस डॉलर होतं, कारण ते पोर्ग नावाच्या गुबगुबीत पक्ष्याच्या आकाराच्या मगमध्ये येई आणि मग घरी न्यायचा. रमचं एक पेय अशाच मगसकट बेचाळीसला होतं. आणि चार छोटे पेले बिअर एका राक्षसाच्या दातांच्या आकाराच्या ग्लासांत, फळीवर मांडून, फळीसकट पंच्याहत्तर डॉलरला होते. बिअरला भाव असतो. राक्षसाच्या दातांचा भाव कोणाला ठाऊक आहे? ज्याचा भाव बाजारात दुसरीकडे विचारता येत नाही अशी वस्तू विकणं, ही व्यापारातली मोक्षप्राप्ती. बँकेत मी हे कर्जदारांना शिकवत होतो, पण माझे कर्जदार बापडे ज्वारी विकत.

शेजारच्या मुलाच्या हातात तो पक्षी होता. पोराने तो छातीशी धरला होता. सरबत कधीच संपलेलं.

"मलाही तो एक सांग," मी म्हणालो.

"बाबा, त्यात दारू नसते."

"माझी अक्कल निघाली आहे. आता सरबतच बरं."

मनातल्या मनात मी हिशेब करत होतो. साधी दोन पेये, पावणेआठ टक्के कर, वर पाचव्या हिश्शाची टिप. माणशी त्रेचाळीस-चव्वेचाळीस डॉलर आणि मिनिटं पंचेचाळीस. मिनिटाला एक डॉलर. मग आणि राक्षसाचे दात वेगळे. चखणासुद्धा विकतचा. आमचं बिल शंभराच्या पुढे गेलं असणार. ते चिरंजिवांनी तळहाताखाली झाकलं, पण मेनूकार्ड मला पाठ झालं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी बारा महिन्यांत बँकेने मला जे दिलं त्याहून ही रक्कम जास्त होती. आणि मिनिटावर पैसे मोजण्याची ही सवय मला नवी नव्हती. पूर्वी गावाकडे ट्रंककॉल लागला की ‘तीन मिनिटं झाली’ असा मधेच बाईचा आवाज यायचा आणि आई सांगायचं ते विसरून नुसतीच रडायची. पंचेचाळीस मिनिटांत माणसं बोलतात, पण ट्रंककॉलवरचंच बोलतात. ‘बाकी काय?’ हा प्रश्न दोनदा होतो.

वीस मिनिटं झाली असतील. चिरंजीव ग्लास फिरवत म्हणाले, "बाबा, तुम्हाला आठवतं? मी सातवीत होतो."

"काय?"

"आपण चोवीस तासांसाठी व्हीसीआर आणला होता. मी कॅसेट आणली होती ह्याची. बरोबर हा बारचा सीन सुरू झाला आणि तुम्ही मागून येऊन बटण बंद केलंत. स्कॉलरशिपची परीक्षा होती. मी पुढे कितीतरी वर्षं विचार करायचो, त्या बारमध्ये नंतर काय झालं असेल."

मी म्हटलं, "छे, मला नाही आठवत."

"असेल हो. चालायचंच. बघा, आता आलोच की नाही आपण आत?" असं म्हणून त्याने माझ्या ग्लासाला ग्लास लावला. शेजारच्या अमेरिकन मुलानेही आपला पक्षी पुढे केला. यंत्रमानवाने गाणं बदललं, सगळे काउंटरवर हात आपटायला लागले. मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात हसतमुख मुलगी येऊन बिल ठेवून गेली. वेळ झाली होती. तिचं काही चुकलं नाही, फार गोड मुलगी होती. बाहेर रांगेत पन्नास माणसं होती आणि त्यांतही कोणी बाप-लेक असतील.

इथवर मी प्रयोगाविषयी लिहिलं. मूळ संहितेशी तो किती इमानी आहे हे तपासायला मला पुढचं वर्ष उजाडलं. २०२० च्या एप्रिलात सगळ्यांबरोबर मीही घरात कोंडलेला असताना तो १९७७ सालचा चित्रपट मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. बारच्या प्रसंगाशी आल्यावर दोनदा मागे नेऊन पाहिला. आणि समीक्षक म्हणून मला सांगणं भाग आहे की ओगाबाईंनी संहितेत गंभीर फेरफार केले आहेत. मूळ बारमध्ये यंत्रमानवांना मुळी प्रवेशच नाही. बारमन त्यांना बाहेर काढतो. इथे यंत्रमानवालाच नोकरी. मूळ बारमध्ये भाव घासाघीस करून ठरतो: विमानवाला दहा हजार मागतो, म्हातारा म्हणतो आत्ता दोन देतो आणि पोचल्यावर पंधरा. (मागितल्यापेक्षा सात हजार जास्त देणारं गिऱ्हाईक! ओगाबाईंनी घासाघीस बंद केली, पण हा म्हातारा मात्र बरोबर ओळखून ठेवला.) आणि सर्वांत मुख्य फरक म्हणजे चित्रपटातला तो विमानवाला निवांत कोपऱ्यात बसलेला आहे. बसलेला! भिंतीला टेकून, पाय पसरून. त्याचे सगळे सौदे, धमक्या, गोळीबार बसून होतात. निघताना तो एक नाणं टाकतो काउंटरवर. पाचवा हिस्सा वगैरे काही नाही.

ज्या गोष्टीसाठी लोकांना तो बार चाळीस-पंचेचाळीस वर्षं हवाहवासा वाटला, ती म्हणजे तिथे कोणालाच कुठे जायची घाई नाही. नेमकी तीच गोष्ट विकायला परवडत नाही. जागा थोडी, गिऱ्हाईक फार. म्हणून नळ्या आणल्या, बरण्या आणल्या, बधिर करणारा फेस आणला, आणि खुर्ची तेवढी वगळली. हे मी रागाने लिहीत नाही. शनिवारवाडा बांधता येतो. तिथली दुपार बांधता येत नाही.

तरीही मिनिटाला एक डॉलर हा भाव त्यांनी बरोबर काढला होता असं मी म्हणेन, कारण पुढे हाच भाव वाढवायला गेले तेव्हा काय झालं पाहा. २०२२ च्या मार्चमध्ये फ्लॉरिडात याच कथानकाचं एक हॉटेल काढलं. दोन रात्री सगळ्यांनी अंतराळयानातून प्रवास करत असल्याचा अभिनय करायचा, आतमध्ये बारही होता. दोघांचे अठ्ठेचाळीसशे डॉलर. दीड वर्षात, २०२३ च्या सप्टेंबरात, पडदा पडला. पंचेचाळीस मिनिटं माणूस वाटेल ते सोंग करील, पण दोन दिवस आपल्याच पैशाने दुसऱ्याच्या नाटकात काम करायचं म्हणजे तालमीसुद्धा न होता. त्याच २०२२ साली त्यांच्या एका नव्या जहाजावरच्या बारमध्ये पाच हजार डॉलरचं एक पेय ठेवलं होतं. पेटीतून येतं, पेटी उघडली की उजेड पडतो. त्यावर तेव्हा वर्तमानपत्रांत खूप छापून आलं, आणि ती फुकटची प्रसिद्धी ध्यानात घेता ते कोणी प्यायलं नाही तरी वसूल झालं असणार. पाच हजारांचं पेय कार्डावर असलं की पंच्याहत्तरची फळी गरिबाघरची वाटते.

पण मी एप्रिल २०२० वर होतो. मार्चच्या मध्यावर डिस्नेलँड बंद झालं, ते तेरा महिन्यांनी, ३० एप्रिल २०२१ ला उघडलं. मार्चच्याच अखेरीस आपली परदेशी विमानं थांबली. चिरंजिवांची त्या वर्षीची दिवाळीची तिकिटं गेली, पुढल्या वर्षीचीही. मग ते, नागपूरची मुलगी आणि आम्ही, अशी दर शनिवारी सकाळी आठला पडद्यावर भेट सुरू झाली. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ. चिरंजिवांच्या हातात बिअर. आता चोरी संपली होती. माझ्या हातात तो बत्तीस डॉलरचा पक्षी. त्यात चहा. (पक्ष्यात पाव कप जास्त मावतो, हे हिच्या लक्षात यायला महिना लागला.) ज्या ॲपवर भेटायचो ते फुकटचं होतं. मात्र दोघांहून जास्त माणसं असली की चाळीस मिनिटांनी आपोआप बंद पडायचं.

"बाबा, ओगाकडे पाच मिनिटं जास्त होती," चिरंजीव म्हणाले.

"पण इथे बसायला मिळतं," मी म्हटलं. आणि मी खरोखरच आरामखुर्चीत होतो.

चित्रपट पाहिल्याच्या दुसऱ्या शनिवारी मी त्याला यंत्रमानवांचं सांगितलं, घासाघिशीचं सांगितलं, विमानवाला बसलेला आहे हेही सांगितलं. तो ऐकत होता. त्याच्या बागेत अजून उजेड होता. मुलगी नागपूरचं ऊन सांगत होती, ही तिला कैरीचं पन्हं सांगत होती. मधे व्याजदर झाले. घड्याळाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मग जरा सगळे गप्प झाले आणि मी म्हटलं, "अरे, तू त्या दिवशी व्हीसीआरचं विचारलंस ना. मला आठवत होतं. तो निळा शर्ट होता तुझा, आणि मी बटण बंद केल्यावर तू काही बोलला नाहीस, नुसता—"

पडदा काळा झाला. पक्षी हातात तसाच.

ही म्हणाली, "संपली वाटतं चाळीस मिनिटं."

मी उठायला लागलो, तेवढ्यात फोन वाजला. नागपूरहून मुलगी होती. "बाबा, उठू नका. मी पुन्हा जोडतेय. दादा म्हणतोय, बसा म्हणावं."